दोन टिंबं

पानगळ, तारीख ९

आबा, माझा बाप, आज सापडला. खाणीची पश्चिमेची भिंत बसली तेव्हापासून उकरत होतो. नाही रडणार. मी रडले की गडावरचा तो राजवाचक म्हणेल, बिचारी! त्याला ते सुख मी देणार नाही.

सगळ्यांना माहीत असलेलंच लिहून ठेवते, उद्या कुणी असं झालंच नाही म्हणायला नको. आमच्या डोंगरातला दगड फोडला की कधीकधी आत पांढरी अक्षरं निघतात. जे निघतं ते घडतं. बहुतेक वेळा फालतूच असतं — ‘उद्या वारा’, ‘बकरी हरवेल’. एकदा माझ्या दगडात ‘मांजर येईल’ निघालं होतं. मी दार लावायचा आळस केला आणि मांजराने सगळं दूध संपवलं. पण अक्षराचा प्रत्येक दगड गडावर पोचवायचा, हा राजाचा कायदा. राजवाचक तो वाचतो. राजाच्या सोयीचं असेल ते दरबारात लावतात. बाकीच्यावर शिक्का — निरर्थक!

गेल्या महिन्यात आबाच्याच घणाखाली दगड फुटला. ‘पश्चिमेची भिंत बसेल.’ त्याने तो स्वतःच्या खांद्यावरून गडावर नेला. दगड शिक्का मारून परत आला. काम चालू ठेवा म्हणाले. आबा त्याच भिंतीखाली कामाला गेला. मी हात धरला तर म्हणाला, “मी नाही गेलो तर दुसऱ्या कुणाला तरी पाठवतील ना, पोरी.”

नाही रडणार म्हटलं होतं. रडले.

पानगळ, तारीख ११

दादा आज हौदाच्या कठड्यावर चढला. अख्खी आळी जमली होती. म्हणाला, “माझ्याकडे एक दगड आहे. गोठ्यात पुरून ठेवलाय. आठ वर्षांपूर्वी मी फोडला, गडाला दिला नाही. त्यात गडाचं निघालंय — आणि माझं!”

आठ वर्षं! मी त्याची सख्खी बहीण, त्याच्याच ताटात जेवून मोठी झाले, आणि मला आज कळतंय! पण खरं सांगू? राग आला तो क्षणभरच. मग अंगावर काटा आला. घणमावशी तर ओरडलीच, “मग वाट कसली बघतोस रे?” (घणमावशी म्हणजे आमची लोहारीण. आळीतला एकूण एक घण तिच्या भट्टीतला. एका कानाने बहिरी, म्हणून सगळ्यांशी ओरडूनच बोलते.)

ठरलं. कडाक्याच्या एक तारखेला दगड हौदावर उभा करायचा, सगळ्यांनी वाचायचा आणि घण घेऊन वर चढायचं.

पानगळ, तारीख १४

दगड माझ्याकडे आला. मातीत राहून अक्षरं मंद झालीत, ती उजळायचं काम माझं. आळीत उजळणीला माझ्याइतका हलका हात कुणाचा नाही — हे मी नाही म्हणत, आबा म्हणायचा. बरं, मीही म्हणते.

ओल्या फडक्याने पुसला. काळ्या दगडावर चारच शब्द:

घण ज्याचा, गड त्याचा.

घण दादाचा, म्हणजे गड दादाचा. आमच्या घरात हे होतं! आबाला ठाऊक होतं का?

पानगळ, तारीख १५

दादाने आज पाणी भरलं नाही. लोक बघतात म्हणे. वहिनीने भरलं.

पानगळ, तारीख १९

डोकं भणभणतंय. क्रमाने लिहिते.

वहिनी वरच्या वस्तीतून आमच्यात आली. आळीत कुणी कुणाला अहो-जाहो करत नाही. आबाला आम्ही ‘अरे आबा’च म्हणायचो आणि पाठीमागे राजालाही ‘तो’ म्हणतो. पण वहिनी अजून दादाला ‘हे’ आणि ‘अहो’ करते. आधी सगळे हसायचे, आता सवय झाली. स्वभावाने सरळ आहे. पोटात काही राहत नाही.

आज भाकरी थापता थापता अगदी हळू, खुशीत म्हणाली, “वन्सं, कुणाला बोलू नका हं. हे काल सेनापतींना भेटून आले. सगळं ठरलंय. रक्त नाही, काही नाही. हौदावर हे सांगणार, घण खाली ठेवा. मग यांना खाणीचं मुकादम करणार. गडावर तीन खोल्या! खिडकीतून खाण दिसतसुद्धा नाही म्हणे. तुम्हालाही घेऊन जाऊ.”

“आणि पश्चिमेची भिंत?”

“ती पुन्हा उकरायची आहे ना. त्यासाठीच तर मुकादम हवा.”

माझ्या हातातलं पीठ हातातच राहिलं. तिला वाटलं मला आनंद झाला. मिठी मारली बिचारीने.

तीन खोल्या! आबा आणि त्याच्याबरोबर गाडले गेलेले सगळे — आणि भाव काय फुटला, तर तीन खोल्या!

पानगळ, तारीख २०

दादाला गाठलं. त्याने नाकारलं नाही, एवढं त्याचं कौतुक.

“लढलो तर निम्मी आळी मरेल. मी वाचवतोय तुम्हाला.”

“आणि भिंतीखाली मरतील ते?”

“मी मुकादम झालो की टेकू लावून घेईन.”

“लावू देतील तुला? आबाने टेकूच मागितले होते ना?”

मग चिडला. “गड माझा आहे! दगडात लिहिलंय! कसा घ्यायचा ते मी ठरवीन!”

सगळ्यात वाईट काय, तर क्षणभर मला त्याचं पटलं. निम्मी आळी. मी कोण ठरवणार? पण मग तोच कोण ठरवणार! विचारू दे ना आळीला. हौदावर उभं राहून सरळ सांगू दे — असं असं देतायत, घ्यायचं का? ते नाही. त्याला ‘मी तुमच्यासाठी केलं’ असं म्हणायचंय आणि वरच्या खिडकीत बसायचंय.

पानगळ, तारीख २१

घणमावशीला सांगितलं. भट्टीसमोरच एक लगावली मला! “लाज नाही वाटत? दगडात ज्याचं निघालं त्याच्याबद्दल असं बोलतेस? भाऊ मोठा झाला म्हणून पोटात दुखतंय!”

गाल अजून सुजलाय. तिचा राग येत नाही. मी तिच्या जागी असते तर दोन लगावल्या असत्या. दगडापुढे माझ्या जिभेला कोण विचारतो.

मग दगडालाच बोलायला लावलं पाहिजे.

पानगळ, तारीख २३

केलं.

आळीत खोटं अक्षर कोरणाऱ्याचा हात घणाखाली ठेवतात. गडाचा नाही, आमचा कायदा आहे हा, आणि मला तो मान्य आहे. दगड खोटा झाला तर आमच्याकडे उरलं काय? हे सगळं ठाऊक असून केलं. कुणी फसवून करवून घेतलं नाही.

दादा शिंप्याकडे गेला होता. मुकादमाचा डगला शिवायचाय ना! वहिनी हौदावर. भर दुपार, दार सताड उघडं, शेजारची कोंबडी आत येऊन बघतेय. सगळ्यात बारीक छिन्नी घेतली. ‘ज्या’वर एक, ‘त्या’वर एक. खोलगट खळी, त्यात पांढऱ्या दगडाची पूड डिंकात कालवून ठासली, सुकू दिली, वर ओलं कातडं घोटलं. मलाच ओळखू येईनात, इतकी बेमालूम बसली.

घण ज्यांचा, गड त्यांचा.

अक्षर एकही बदललं नाही. नुसती दोन टिंबं. एकाचा होता तो सगळ्यांचा झाला.

नंतर छिन्नी धुऊन ठेवली. भीती वाटते. उजवा हात सारखा डाव्या हातात धरून बसले होते.

पानगळ, तारीख २४

वहिनीने आधी वाचलं. “अय्या! अहो, इकडे या ना! ‘त्यांचा’! दगडसुद्धा तुम्हाला मान देतो!”

दादा आला. वाचलं. त्याला तर शब्द पाठ. वहिनी आत गेल्यावर म्हणाला, “तू घातलीस टिंबं?”

मी म्हटलं, “गडावर राहणाऱ्याला अरे-तुरे कसं चालेल?”

वाटलं, आता ओरडेल. आळी गोळा करेल. हात गेलाच. तर हा हसला! माझा कान ओढला, लहानपणी ओढायचा तसा. “बरं केलंस. शोभतं.”

मी दगडात हात घातला, आणि याला नुसतं शोभतं! मी सुटले खरी, पण मनाला कसंतरीच झालं. सेनापतीशी एकदाच बोलून आला आणि कानही तिकडचा झाला त्याचा. ‘त्यांचा’ म्हटलं की आम्हाला गर्दी दिसते. याला आरसा दिसतो.

पानगळ, तारीख २९

डगला आला. बाह्या आखूड आहेत. देव आहे!

कडाका, तारीख १

हाताला फडकं बांधलंय, अक्षर वाकडं येईल. वरच्या तटावर बसून लिहितेय. हो, वरच्या!

सकाळी दगड हौदावर उभा केला. वर गोणपाट. सगळ्यांच्या हातात घण. दादा डगला घालून कठड्यावर चढला, दगड उघडायच्या आधीच बोलायला लागला. “राजाशी बोलणं झालंय. घण खाली ठेवा. मी तुमच्या वतीने गडावर जातो.”

आणि माणसं ठेवायला लागली! ज्याचं दगडात निघालं तोच सांगतोय म्हटल्यावर काय करतील? एकेक घण फरशीवर टेकल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, संपलं. मग वाटलं, संपलं कशाने! पुढे झाले आणि गोणपाट ओढलं.

घणमावशीने मोठ्याने वाचलं. तिचं मोठ्याने म्हणजे पार खाणीपर्यंत. “घण ज्यांचा, गड त्यांचा.” थांबली. परत वाचलं. “ज्यांचा? अरे, मग हे आपलंय की! आपल्या सगळ्यांचं!”

दादा वरून म्हणाला, “माझंच आहे ते मावशी. आदरार्थी आहे.”

मग मावशी म्हणाली, “आदरार्थी? तुला?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशी सुटलीच. “दगड आपल्या खाणीतला. आपलीच बोली बोलणार! तुझ्या बापाला आळीने कधी अहो म्हटलं नाही, आणि दगड तुला म्हणेल? कालपर्यंत नाक माझ्या पदराला पुसत होतास!”

असं हसले सगळे! आखूड बाह्यांच्या डगल्यात तो उभा, आणि हसणं थांबेचना. घाबरलेली माणसं अशी हसतात ना, तशी आधी — मग खरोखरची. त्या हसण्यातच खाली ठेवलेले घण वर आले. कुणी ‘चला’ म्हणालं नाही. मी तरी ऐकलं नाही.

महादरवाज्यावर वरून गरम तेल आलं, बाण आले. पण आयुष्यभर ज्यांनी डोंगर फोडला त्यांना दरवाजा काय! दुपारपर्यंत बिजागऱ्या निखळल्या. राजा मागच्या भुयारातून पळाला. सेनापतीने तलवार खाली ठेवली. राजवाचक मला दिसला — आपल्या शिक्क्याला कवटाळून जिन्याखाली बसला होता. शिक्का काढून घेतला आणि त्याला जाऊ दिलं.

कडाका, तारीख २

घणमावशी गेली. बाण काल दरवाज्यातच लागला होता, तिने पदराखाली झाकून ठेवला. माझा सुजलेला गाल उतरलाय आणि आता मला तो परत हवाय.

निम्मी आळी नाही गेली, दादा. पण गेले ते माझ्या टिंबांनी गेले, हे मला कुणी सांगायला नको.

कडाका, तारीख ५

पश्चिमेच्या खाणीला टेकू लागले. किती सोपं होतं ते! गडाच्या अंगणातलीच लाकडं.

दादाला कोंडलंय. जागा हवी होती म्हणून त्याच तीन खोल्यांपैकी एकीत. वहिनी स्वतःहून त्याच्याजवळ राहिली. तिने मला विचारलं, “वन्सं, माझं काय चुकलं?” मी म्हटलं, काहीच नाही. खरंच आहे ते.

सगळे दगडाला हात लावून जातात. म्हातारी माणसं डोकं टेकवतात. माझ्याने बघवत नाही. नवा गड आणि पाया खोट्या अक्षराचा! आज आळीच्या खालच्या टोकाचा पाथरवट म्हणाला, “दगडात होतं म्हणून झालं.” तिडीक गेली डोक्यात. मावशीने काय केलं मग? आबाने? तुझ्या स्वतःच्या दोन हातांनी काय केलं?

नाही चालणार. मी सांगणार.

कडाका, तारीख ६

दादाला आधी सांगायला गेले. उद्या हौदावर मी स्वतः कबूल करणार आहे, म्हटलं. टिंबं माझी. हात मोडायचा तर मोडा.

भिंतीकडे तोंड करून बसला होता. तसाच म्हणाला, “सांग. पण अर्धंच सांगशील.”

“म्हणजे?”

“टिंबं तुझी. अक्षरं माझी.”

दगड कोरा होता! गड आम्हाला कुणीच दिलेला नव्हता. आम्ही घेतला.