कॉन्फरन्सचा कप

रविवार, बॉबलिंगेन

हॅनोव्हरला आठवडाभर चाललेल्या पोकर स्पर्धांमधली शेवटची, मोठी स्पर्धा मी जिंकले. कप घरी आणून देवापुढे ठेवायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "जुगाराचा कप तिथे नको गं." लेकीचा पोहण्याचा कप तिथेच आहे की. आणि दिवाळीत तीन पत्ती खेळताना पत्ते न बघता पैसे लावणाऱ्या कोण? याच. मी निदान समोरच्यांचे चेहरे वाचून खेळते.

निखिलची वेगळीच तऱ्हा. बायको कॉन्फरन्सला गेलीय, असं त्याने पुण्यात सगळ्यांना सांगून टाकलेलं. नवऱ्याला लाज वाटते? वाटू दे.

कपाला हळदकुंकू लावलं, देवापुढेच ठेवला, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: कॉन्फरन्समध्ये पहिली आले. पोकरच्या.