आगाऊ नमस्कार

रविवार, १४ नोव्हेंबर १९९९

आज आले —
होडी, फायबरची, जुनी, बारा फुटी : १८,०००
इंजिन, आठ हॉर्सपॉवरचे, तेही जुनेच : २२,०००
लाइफ जॅकेट, एक : ६५०
टेम्पो भाडे : ४५०
नारळ, हार, पेढे : ६२
एकूण ४१,१६२. सगळे व्हीआरएसचे. घर नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर, आणि होडी खडकवासल्याला!

हे म्हणाले, “तीस वर्षं दुसऱ्यांची इंजिनं जोडली. एक तरी स्वतःचं चालवू दे.” हळदकुंकू मी वाहिले, नारळ ह्यांनी फोडला. दुसरे जॅकेट मीच नको म्हटले. मी कशाला बसतेय त्यात!

मंगळवार, १६ नोव्हेंबर

डॉक्टरांकडे गेलो. मागच्या वर्षीचा हृदयाचा झटका ते विसरलेले नाहीत. “पाण्यात एकट्यानं जायचं नाही. सोबतीला होडी चालवता येणारा माणूस हवा. नसेल तर विकून टाका.”

ह्यांचा चेहरा शाळेतून नाव कमी केलेल्या मुलासारखा. बसमधून स्वारगेटला उतरल्यावर म्हणाले, “मुलगा दत्तप्रसाद अमेरिकेत. धरणावरच्या चांदभाईंना त्यांची टपरी. राहिलं कोण? तूच शीक.”

मी! मला अजून सायकल येत नाही.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

ह्यांना न सांगता माहेरी भोरला धाकट्या भावाला, यज्ञेश्वराला कार्ड टाकले. तिकडे भाटघर धरणाच्या पाण्यावर होड्या आहेत, कोणी गिऱ्हाईक असेल तर बघ म्हणून. नवऱ्याच्या पाठीमागे असे कधी केले नव्हते. देवापुढे दिवा लावताना हात जरा थांबला. पण ह्यांचा जीव मोठा की होडी?

रविवार, २१ नोव्हेंबर

पहिला धडा. जॅकेट मला घातले, ते माझ्या कानापर्यंत येते. ह्यांनी स्वतःला टायरची ट्यूब घेतली. पदर खोचून बसले. काठावर चांदभाई — पूर्वी ह्यांच्याच खात्यात होते, आता व्हीआरएस घेऊन तिथे चहाची टपरी टाकली आहे. म्हणाले, “वहिनी, भिऊ नका. साहेबांनी मला लेथ शिकवली, ती शिव्या देऊन. तुम्हाला निदान शिव्या तरी नाहीत.”

दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते! हे कोणी ठरवले? चार वेळा उलटेच केले.

“पोळी उलटताना चुकत नाहीस, इथं काय झालं?”

“पोळी मी जिकडे नेते तिकडेच जाते.”

ह्यांना हसू आवरेना. किती महिन्यांनी हसले.

रविवार, २८ नोव्हेंबर

इंजिन सुरू करण्याचा क्रम हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिला. टाकीच्या झाकणावरचा स्क्रू सैल करणे (हवा आत जायला). नळी जोडणे. रबरी गोळा कडक होईपर्यंत दाबणे. चोक ओढणे. दोरी ओढणे. सुरू झाले की चोक आत.

सोळा उपचारांची पूजा चाळीस वर्षे तोंडपाठ आहे. हे तर सहाच.

तरी स्क्रू विसरले. मध्यावर जाऊन इंजिन गप्प. हे नुसते बघत बसले, सांगेनात. पाऊण तास! शेवटी वही आठवली.

रविवार, ५ डिसेंबर

आज पलीकडच्या काठापर्यंत गेलो. मी नेली! तिथे महादेवाचे लहानसे देऊळ आहे. पुजारी नाही, गर्दी नाही. पिंडीवर पाणी घातले. देवदर्शनाला मी स्वतः गेले असे पहिल्यांदाच. एरवी नेहमी कोणीतरी नेलेले.

उजव्या हाताचा तळवा सोलला आहे. दोरीने. भाकरी थापताना झोंबते. बरे वाटते.

रविवार, १२ डिसेंबर

वाईट दिवस.

हे म्हणाले, आज खरी परीक्षा. “समज, मी पडलो.” अमंगळ बोलू नका म्हटले, पण हे आडवे झालेच. इंजिन पाठीमागे, मी पुढे, मधल्या चिंचोळ्या जागेत हे. पोहोचायचे तर ह्यांना ओलांडूनच. मी उभीच. माणसाला ओलांडत नाहीत, आणि हे तर नवरा!

“अहो, जरा सरकता का?”

हे पडल्या पडल्याच म्हणाले, “वा! बेशुद्ध माणसाला विनंतीअर्ज. दोन प्रतींत करा.”

दुसऱ्यांदा डोळे मिटून पाय टाकला. तो लागला ह्यांच्या खांद्याला. मी सवयीने वाकले, खांद्याला हात लावून कपाळाला लावला. तेवढ्यात मोकळा दांडा वळला, होडी गर्रकन फिरली आणि काठच्या बाभळीत शिरली. जॅकेट फाटले, ह्यांच्या गालावर ओरखडा.

चांदभाई धावत आले. “वहिनी, आधी काठ गाठायचा. पाया नंतर पडा, साहेब कुठं पळून जात नाहीत!”

हे मात्र हसले नाहीत. बसमध्ये म्हणाले, “त्या वेळी तू वाकलीस, तर दोघंही जाऊ.”

घरी जॅकेट शिवत बसले. यज्ञेश्वराचे उत्तर अजून नाही. आले तर बरे.

बुधवार, २२ डिसेंबर. दत्तजयंती

पारायण संपले, आरती झाली. सुंठवडा वाटला. हे खुर्चीत पेपर वाचत होते. मला एकदम सुचले. महिन्याचे दुधाचे पैसे मी आगाऊ देते. मग गवळी एखाद्या दिवशी घाईत निघून गेला तरी आपल्याकडे बाकी राहत नाही. नमस्काराचेही तसेच का नको?

ह्यांच्यासमोर वाकले. पायांना हात लावून नमस्कार केला.

“आज काय? वाढदिवस माझा नाही, दत्ताचा आहे.”

“हा आगाऊ. होडीत पाय लागला तर ह्यातून वळता करून घ्यायचा.”

हे पेपर खाली ठेवून म्हणाले, “मॅट्रिकला गणितात किती होते तुला?”

“ब्याऐंशी.”

“कमीच दिले.”

रात्री दत्तप्रसादचा फोन. नवे साल लागताना कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून तिकडे सगळ्यांच्या रजा रद्द. “आई, बाबांना सांग ना, विका ती होडी. मला इथे झोप लागत नाही.” मलाही लागत नव्हती. पण आज वाटते, लागेल.

रविवार, २६ डिसेंबर

झाले ते.

सोमवार, २७ डिसेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर लिहिते आहे. हे आत आहेत, धोका टळला असे सांगितले.

देवळातून परत येत होतो. दांड्यावर हे. मध्यावर म्हणाले, “जरा गरगरतंय.” आणि पुढे घसरले, अगदी त्या दिवशी पडले होते तसेच. पण घाम! ओठ पांढरे. इंजिन आचका देऊन बंद. चहूकडे पाणी आणि एक बगळा.

ओलांडले. पाय ह्यांच्या दंडाला लागला, चांगला जोरात. वाकले नाही.

दोरी ओढली. नाही. पुन्हा ओढली. नाही. तोंडात दत्ताचे नाव, आणि मनात मागचे पान — स्क्रू, नळी, गोळा, चोक. पडताना ह्यांच्याकडून नळीच निसटली होती! जोडली. गोळा दाबला. तिसऱ्या ओढीला सुरू झाले. असला गोड आवाज जन्मात ऐकला नाही.

टपरीचा लाल पत्रा समोर धरला आणि सरळ नेली. एकदाही चुकले नाही, डावे ते उजवे, उजवे ते डावे. लांबूनच ओरडले, “चांदभाई! साहेब पडले!” त्यांनी एका गिऱ्हाइकाची सुमो थांबवून ठेवली, कमरेएवढ्या पाण्यात आले.

डॉक्टर म्हणाले, “वेळेत आणलंत. होडी कोण चालवत होतं?”

चांदभाई माझ्याआधी बोलले, “ह्या.” मी पदर सारखा केला. ओला होता, चिखलही होता. पण मान खाली घातली नाही.

मंगळवार, २८ डिसेंबर

ह्यांनी डोळे उघडले. पहिले वाक्य — “ओलांडलंस?”

“ओलांडलं. पाय लागला. दंडाला.”

“नमस्कार?”

“आगाऊ होता.”

“शिल्लक काही?”

“बरीच.”

नर्सला म्हणाले, “ही माझी मिसेस. आठ हॉर्सपॉवर हाताळते.” नर्सला काही कळले नसेल. मला कळले.

शनिवार, १ जानेवारी २०००

दत्तप्रसादचे कॉम्प्युटर बंद पडले नाहीत. हे घरी आले. डॉक्टरांची ताकीद — दोरी ओढायची नाही, दांडा धरायचा नाही, कायमचे. हे खिडकीशी बसून आहेत. इंजिनाची पुस्तिका हातात, पण पान उलटत नाहीत.

सोमवार, ३ जानेवारी

यज्ञेश्वराचे पत्र आले. गिऱ्हाईक मिळाले. भाटघरच्या काठचे, अडतीस हजार रोख. महिन्यापूर्वी ह्या पत्रासाठी मी देवापुढे पेढे ठेवले असते. ह्यांना वाचून दाखवले, न सांगता कार्ड टाकल्याचेही सांगितले. रागावले नाहीत. “विक. तुझ्या मनासारखं होऊ दे,” एवढेच.

बुधवार, ५ जानेवारी

डॉक्टरांना विचारून आले. ह्यांना होडीत पुढे नुसते बसायला हरकत नाही म्हणाले, महिन्याभराने. लगेच कार्ड टाकले. मजकूर —

चि. यज्ञेश्वरास अनेक आशीर्वाद. गिऱ्हाइकास नाही म्हणून सांगणे. होडी विकायची नाही. तुझे मेहुणे पुढे बसतील, चालवणार मी. त्या गिऱ्हाइकाकडे बाईच्या मापाचे जॅकेट असल्यास आपणच विकत घेऊ. काय घेतील ते उलट टपाली कळव.