माझ्या गेममधलं भावजयीचं रान

आई, व्हिडिओ गेम म्हणजे काय हे तुला समजावत बसत नाही. एवढंच सांगते की मी पगारातून बरेच विकत घेतलेत, ते कपाटात नसतात, खात्यावर असतात, आणि घरातल्या माणसांनाही त्यातलं खेळायला देता येतं. नियमाप्रमाणे एकाच घरात राहणाऱ्यांना. मी धाराशिवला, भाऊ नळदुर्गला. पण भावाचं घर वेगळं असतं हे तू कधी शिकवलंच नाहीस. त्याला जोडलं, भावजयीला जोडलं, ऑफिसातल्या मैत्रिणीलाही जोडलं. त्यात शेतीचा एक गेम आहे, माझा सगळ्यांत लाडका. एका वेळी तो एकालाच खेळता येतो. संध्याकाळी चहा घेऊन उघडावा तर कळतं, दुसरं कुणीतरी खेळतंय. ते दुसरं कुणी म्हणजे तीच. फोन केला की म्हणते, "अक्का, आलात व्हय? जरा थांबा की, एवढं पेरून घेते." वर शेजारच्या पोरांनाही खेळायला बसवते. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

थांबायची सवय तूच लावलीस म्हणा. येळवसेला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, रानात कडब्याच्या कोपीत तू भज्जी-भाकरी वाढायचीस. ज्यांना स्वतःचं रान नाही त्यांची पोरं आधी जेवायची. मी ताट पुढं केलं की म्हणायचीस, "तू घरचीच हायस. बस जरा." माझं लग्न झालं, भावाचंही झालं, आणि पुढच्या येळवसेला मी वाढायला उठले तर तू मला घोंगडीवर बसवलंस. "पाहुणी हायस तू आता," म्हणालीस आणि पळी भावजयीच्या हातात दिलीस. आंबील, पाच पांडवांची पूजा, सगळं तिलाच शिकवलंस. मी पाहुणीसारखी पोटभर जेवले आणि आतून जळत राहिले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते जळणं गेलेलं नाही.

परवा मी तिला खात्यातून काढायचं ठरवलं होतं. एक बटण दाबलं की झालं. तेवढ्यात तिनं तिच्या गेममधल्या शेताचा फोटो पाठवला. खाली लिहिलेलं, "अक्का, वळखा बरं." आधी काहीच कळेना. मग विहीर दिसली, बांधावरचा कडूलिंब दिसला, कडब्याची कोप आणि तिच्यात ओळीनं मांडलेले पांडवांचे पाच दगड. हायवे रुंद करताना गेलेलं आपलं रान तिनं जसंच्या तसं उभं केलंय. फोनवर तुझ्याबद्दल म्हणाली, "आत्याबाई जिथं बसायच्या, तिथं काय बी लावलं न्हाय म्या. जागा मोकळी ठेवलीया."

आई, मला विहीर आठवत होती. कडूलिंब कुठल्या बांधाला होता ते आठवत नव्हतं. लेक मी, आणि आठवण तिच्याकडं.

तिला काढलं नाही. पण गेम माझा असला तरी ते रान माझ्याकडं उघडत नाही. ज्याचा त्याचा खेळ ज्याच्या त्याच्या नावावर राहतो. तिथं जायचं तर नळदुर्गला जाऊन, तिच्या शेजारी बसून, तिलाच म्हणावं लागेल, दाखव गं. हे तुला पोचणार नाही म्हणून लिहिते. नळदुर्गची गाडी घरासमोरून जाते, आणि अजून तेवढं माझ्यानं होत नाही.