सोललेली सुंगटं

आगरवाडा, पेडणे
बुधवार, ५ फेब्रुवारी २०२५

चि. गौरवीस,

बाबाचे पोटभर आशीर्वाद. सिद्धेशरावांना नमस्कार सांग आणि आमच्या नातवाच्या, साईशच्या, गालाला माझ्या नावाने एक चिमटा काढ.

इकडे मी बरा आहे. गुडघा सकाळी उठल्यावर गाऱ्हाणी सांगतो, चालायला लागलं की गप्प बसतो. काजूला मोहोर चांगला आहे. परसातल्या माडावर उंदीर चढतात, त्याला पत्रा मारून घेतला. मोप्याची विमानं आता डोक्यावरून गेली तरी कोंबड्या मान वर करत नाहीत. पहिल्यांदा विमान गेलं तेव्हा आपली तांबडी कोंबडी दोन दिवस अंडं द्यायची विसरली होती. माणसाचंही तसंच, सवय व्हायला वेळ लागतो एवढंच.

पत्र बघून घाबरू नकोस. फोन हाताशी असताना बाबाने कागद का काढला, असं वाटेल तुला. फोनवर तुझा चेहरा दिसतो, मागे साईश पलंगावर उड्या मारतो, आणि माझी जीभ दोर बांधलेल्या होडीसारखी जागच्या जागी हलत राहते. कागदावर मी बरा असतो. शाळा मला लाभली नाही. फेरीबोटीवर लोक टाकून जायचे त्या वर्तमानपत्रांतून अक्षर जुळवायला शिकलो. म्हणून असेल, महत्त्वाचं काही असलं की मला अजून कागदच आठवतो.

तर रविवारचं. फोनवर तू माझं ताट बघितलंस आणि विचारलंस, "बाबा, सुंगटं कोणी सोलली?"

मी म्हटलं, "मीच."

तू हसलीस. म्हणालीस, आई सोलून ताटात घालीपर्यंत हात न लावणारे तुम्ही, आणि तुम्ही सोलली? मी रेंज नाही, रेंज नाही करत फोन छपराकडे धरला आणि बंद केला.

रेंज होती, बाय. सुंगटंही खरोखर मीच सोलली होती. पण मी तुला अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं सांगायला बसलो आहे, आणि ते कुठून सुरू करावं ते कळत नाही. तेव्हा आधी सुंगटांचंच सांगतो. तू रीत मागितली होतीस ना, साईशला तिखट चालत नाही म्हणून.

तुमच्या पुण्याच्या बाजारात कोळंबी म्हणून मिळतील ती घे. बर्फातली असली तर बर्फ पुरता सुटू दे. धुऊन घे, पण साल काढू नकोस, डोकंही राहू दे. सगळी गोडी डोक्यात असते. टोपात पाणी घाल, सुंगटं बुडून वर बोटभर राहील एवढं. मीठ नेहमीपेक्षा जरा सढळ. आपल्या आगराचं जाडं मीठ संपलं असेल तर कळव, पाठवतो. चिमूटभर हळद, दोन कोकमाची सोलं, चार तिरफळं ठेचून. पाणी खळखळून उकळल्याशिवाय सुंगटं टाकायची नाहीत. गार पाण्यात टाकून वर आणलीस तर ती पिठूळ होतात. मी पहिल्यांदा तेच केलं होतं.

टाकलीस की तिथून हलू नकोस. फोन आला तरी घेऊ नकोस. आधी तांबूस होतात, मग वाकायला लागतात. कोयत्यासारखी वाकली की उतर. कड्यासारखी गोल झाली की शेजाऱ्याला दे, असं शालिनी म्हणते. पाणी गाळून ठेव, फेकू नकोस. त्यात भात शिजव, साईश बोटं चाटील.

बघ, नाव आलंच. मी ठरवलं होतं की पत्राच्या शेवटी हळूच आणायचं.

शालिनी म्हणजे वईपलीकडची, कुंपणाला लागून राहणारी, तुझी शालिनीमावशी. तुझ्या शाळेच्या संमेलनाला अबोलीचा वळेसर करून तुझ्या केसात माळायची ती. तिचे यजमान तू लहान असतानाच गेले, मूलबाळ नाही, हे तुला ठाऊकच आहे. तुझी आई आणि ती वईवरून वाट्या द्यायच्या-घ्यायच्या. वाटी कधी रिकामी परत गेली नाही.

तुझी आई गेल्यावर पहिलं वर्ष मी कसं काढलं ते तुला सांगितलं नाही, आता सांगून उपयोग नाही. पोदेर सकाळी दारात पावाची पोई टाकून जायचा, तीच चहात बुडवून दोन वेळा खायचो. तू फोनवर विचारायचीस, जेवलात का. मी हो म्हणायचो. पोई म्हणजे जेवणच की.

मग ह्या गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. बाबली मानशीवर असतो. बांधाच्या त्या दाराला जाळं लावून, भरतीचं पाणी खाडीत परत जाताना त्यातली सुंगटं धरतो. सकाळी तो दारात आला आणि टोपली पुढे करून म्हणाला, काका, तुमच्या वाटणीची. तुझी आई असती तर तिथूनच परत पाठवली असती. मला काही लक्षातच आलं नाही. ताजी, काचेसारखी सुंगटं, बऱ्याच दिवसांनी काहीतरी रांधावंसं वाटलं. आमटीसाठी वाटण करणं मला कुठलं जमायला? टोपात पाणी घातलं, सुंगटं घातली, मीठ घातलं आणि चूल पेटवली.

वास वईपलीकडे गेला. शालिनी परसातून आली, टोपात डोकावली आणि म्हणाली, "गौरवीच्या बापाय, आज सोमार."

गौरवी, त्या घटकेला मला कसं वाटलं ते तुलाच कळेल. आपल्या घरात सोमवारी मासळीचं आयदनसुद्धा चुलीजवळ येत नसे. वार काय आहे ते मला कधी बघावं लागलं नव्हतं, तुझी आईच माझं कॅलेंडर होती. मी तिथेच पाटावर बसलो आणि मला रडू आलं. सुंगटांसाठी नव्हे.

शालिनीने समजूत घातली नाही, आणि बरं केलं. तिने टोप उतरवला, सुंगटं गाळली, झाकून उंच फळीवर ठेवली आणि म्हणाली, "देव रांधू नको म्हणणा नाय, खाव नको म्हणता. उद्या खा." जाताना दारात वळून म्हणाली की अशी रबर झालेली सुंगटं देवसुद्धा खाणार नाही, तेव्हा रागवायचा प्रश्न नाही.

दुसऱ्या दिवशी ती बघायला आली. मी ताट घेऊन बसलो होतो आणि सालासकट चावत होतो. सोलायची कशी ते मला ठाऊक नव्हतं. पाठीत काळा दोरा असतो तो काढायचा असतो, हेही नाही. तुझी आई कायम सोलून घालायची, मला वाटायचं सुंगटं अशीच असतात. शालिनी आधी पुष्कळ हसली. मग समोर बसली आणि सांगत गेली, मी करत गेलो. डोकं पिळून काढ, पायांकडून साल उकल, शेपूट धरायला ठेव, दोरा ओढ. मी म्हटलं, सांगतेस काय, करून दाखव. तिने हात पुढे केले.

चिकनगुनियात तिची बोटं वाकली ती वाकलीच. इतकी वर्षं म्हापशाच्या बाजारासाठी अबोली ओवणारी बोटं ती, आता सुंगटाचं साल धरत नाहीत. तिने त्या आजारापासून सुंगटं खाणं सोडलं होतं. सोलून कोण देणार? कुणाला सांगणार? मासे आवडत नाहीत म्हणून सांगत होती लोकांना.

मी दोर ओढून ओढून जाड झालेल्या बोटांनी सुंगटं सोलली आणि अर्धी तिच्या पुढ्यात ठेवली. ती बराच वेळ ताटाकडे बघत बसली. मग खाल्ली.

तेव्हापासून दुपारी आम्ही एकत्र जेवतो. आमटी-भाजी ती सांगते, अर्धी ती करते, चिरणं-सोलणं माझं. संध्याकाळी ती तिच्या घरी, मी माझ्या. लपवण्यासारखं यापलीकडे काही नाही, आणि हे तरी लपवण्यासारखं का असावं? पण गाव ते गाव. बाबली मुद्दाम विचारतो, काका, अर्धो किलो एकट्याक पुरता मां? बसथांब्यावर बायका एकमेकींना कोपरं मारतात. त्याचं मला काही नाही. फेरीबोटीवर आयुष्य गेलं, दोन्ही काठांवरच्या लोकांचं ऐकत बसलो असतो तर बोट कधीच सुटली नसती.

मला भीती होती ती तुझी.

गेल्या चवथीला तू आईची आदोळी, तिची ती जुनी विळी, धुऊन, कापडात गुंडाळून कपाटात ठेवलीस आणि म्हणालीस, आता हिच्यावर कोणी बसायचं नाही. मी हो म्हटलं. शालिनीला मी हे सांगितलं नव्हतं. पण पहिल्याच दिवशी ती स्वतःची सुरी घरून घेऊन आली. आपल्या इथल्या फळीवर ठेवायची. तुझ्या आईचा पाटा, तिचा मिठाचा बरणा, जनेलाजवळची, खिडकीच्या उजेडातली तिची बसायची जागा, तिने काही हलवलं नाही. जनेलाकडे पाठ करून बसते.

आणि रविवारी तुझा फोन वाजला की ती उठून परसात जायची. मी कधी जा म्हटलं नाही. पण थांब असंही म्हटलं नाही, गौरवी.

या रविवारीही गेली. तू विचारलंस कोणी सोलली, मी म्हटलं मीच, आणि रेंजचं नाटक केलं. परसाचं दार उघडं होतं. ती आत आली, पण जेवायला बसली नाही. तिच्या ताटात मी सोललेली सुंगटं तशीच होती. ती रागावलेली नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाली, "मी ह्या घरात चोरी करूक येवक नाय. फोन वाजलो की परसात उभी रवाक माका आता जमाचा नाय. चेडवाक सांग. ती नको म्हणली तर नको. पण सांग."

जाताना फळीवरची आपली सुरी घेऊन गेली.

आज तिसरा दिवस. वईवरून हाक मारली तर ओ देते, बरी आहे म्हणते, येत नाही. काल मी एकटाच जेवलो. पोई आणि चहा.

तू म्हणशील, आईला विसरलात. बाय, तुझी आई मला सोलून घालायची ते मी रोज आठवतो, आणि आधी कधी आठवत नव्हतो. घास तयार मिळत होता तोवर त्यामागे बोटं आहेत हे दिसलंच नाही. आता एकेक साल काढताना दिसतं. गरम असतानाच सोलावी लागतात, गार झाली की साल मासाला चिकटतं. तिची बोटं किती भाजली असतील. दुसऱ्या कुणासाठी सोलायला बसलो नसतो तर हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. हे तुला पटेल की नाही ठाऊक नाही. पण खोटं नाही.

आम्ही लग्नबिग्न करत नाही, हसू नकोस. ह्या वयात मुंडावळ्या कपाळावर राहतील का घरंगळतील? दुपारचं जेवण एकत्र, दुखलं-खुपलं तर एकमेकांना हाक, एवढंच मला हवं आहे. आणि ते तुझ्यापासून दडवून नको आहे. तुझ्या मनाला सोसलं नाही तर तसं सरळ सांग. मी तुझ्यावर रागावणार नाही. वाट्या पूर्वीसारख्या वईवरून जातील-येतील. शालिनीही तेच म्हणते. पण तू मनाविरुद्ध हो म्हणू नकोस, मला तुझ्या आवाजावरून कळतं.

ह्या रविवारी मी मांद्र्याला लग्नाला जाणार आहे, फोन उचलणार नाही, काळजी करू नकोस. त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत पत्र तुला पोचेल. पुनव होऊन गेलेली असेल, मानशीवर सुंगटं असतील. मी बाबलीला सांगून ठेवलं आहे. तो हसला, हसू दे.

त्या दिवशी मी दोन ताटं मांडीन. फोन मिठाच्या बरण्याला टेकवून ठेवीन आणि परसाचं दार लावून घेईन. शालिनी ये म्हटल्यावर येईल की नाही ते मला ठाऊक नाही. आज पत्र टाकून येताना तिच्या दारावरूनच येईन आणि सांगेन की लिहिलं, सगळं लिहिलं.

तू फोन केलास तर जे दिसेल ते दिसेल. तुझ्या मनाची तयारी नसली तर त्या दिवशी करू नकोस, सोमवारी कर. सोमवारी आपल्याकडे मासळी नसते, त्या दिवशी मी एकटाच बसेन, आणि तू जे म्हणशील ते ऐकून घेईन.

मीठ आणि तिरफळं वेगळ्या पुडीत पाठवतो. सुंगटं उतरवलीस की थांबू नकोस, बोटं भाजली तरी गरमच सोल.

उशिरा का होईना, सोलायला शिकलेला,
तुझा बाबा
यशवंत