रुनेचा कप

लिंडविक, २ मार्च २००९

ती. स्व. गुनवोरकाकूस मालिनचा सा. न. वि. वि.

साहेबांनी मला ‘लीन’चं काम दिलंय. मोटार कारखान्यातली पद्धत आहे: रुग्णाच्या काही उपयोगाचं नाही असं थांबणं शोधायचं आणि काढून टाकायचं. गाठींचे नमुने शहरातल्या प्रयोगशाळेत नेणारी गाडी सव्वानऊला निघते. आमच्या वॉर्डात नऊला कॉफी, नमुन्यांची खोकी बांधायची त्यानंतर. म्हणजे आजचा नमुना उद्या जातो, शुक्रवारचा थेट सोमवारी. कॉफी पुढे ढकलू या म्हटलं, तर सिव्ह सिस्टर म्हणाल्या, आधी मला बाहेर ढकल. ईस्टरपर्यंत शुक्रवारचे तीन दिवस वाचले नाहीत, तर हे काम बंद होणार.

पाठीवर हात असू दे.
तुझी, मालिन

हॉल्मो, ६ मार्च

चि. मालिनला अनेक आशीर्वाद.

शहाणे, कॉफीला हात लावलास? तुमच्याच इस्पितळाच्या धुलाईघरात मी बावीस वर्षं काढली. खिडकीतून नमुन्यांच्या गाडीचा ड्रायव्हर रुने दिसायचा, गाडीत एकटाच थर्मासमधली कॉफी पीत. एकदा विचारलं, तर म्हणाला, आत कुणी बोलावलं नाही. सिव्हला विचारलं, तर म्हणे, त्याला घाई असते, उगाच कशाला अडवायचं. असा हा दोघांचा सभ्यपणा. प्रयोगशाळा दुपारपर्यंत नमुने घेते, शनिवारीही चालू असते, आणि लिंडविक हा रुनेचा शेवटचा थांबा, म्हणजे अर्धा तास उशिरा निघाला तरी बिघडत नाही. त्याला आत बोलाव आणि कप दे.

स्तुरेचा नमुनाही शुक्रवारचाच होता. उत्तर आठ दिवसांनी आलं. तीन दिवस आधी कळलं असतं तर तुझा काका वाचला असता असं मी म्हणत नाही. पण ते दिवस त्याने सरपण फोडत काढले, मी त्याच्याकडे बघत, आणि त्या विषयावर दोघंही बोललो नाही.

वेळेवर जेवत जा. माया आहेच.
काकू

लिंडविक, २० मार्च

ती. स्व. काकूस सा. न.

रुने आत आला. सिव्ह सिस्टरनी घरून दालचिनीचे पाव आणले होते. सव्वानऊची वेळ कुणी ठरवलीच नव्हती, म्हणाला; थर्मास संपला की निघायचो. आता पावणेदहाला खोकी घेऊन जातो. पण साहेब म्हणतात, शुक्रवारच्या नमुन्याचं उत्तर खरंच तीन दिवस आधी हातात पडल्याशिवाय मानणार नाही.

काळजी घे.
मालिन

हॉल्मो, ८ एप्रिल

चि. मालिनला अनेक आशीर्वाद.

तुला कळवलं नव्हतं. गेल्या शुक्रवारी सकाळी आठला माझ्या छातीतल्या गाठीचा नमुना तुमच्याच वॉर्डात दिला. सिव्हला सांगून ठेवलं, मालिनजवळ बोललीस तर बघ. आज, बुधवारी, फोन आला. गाठ साधी आहे.

पाच दिवस. वाचनालयातून आठ दिवसांची पुस्तकं आणली होती, तिसरं अर्ध्यावरच आहे. साहेबांना माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

ईस्टरला ये. स्तुरेचा कप मी अजून कुणाला दिलेला नाही. तू आलीस की काढते.

तुझी काकू