पायाखालचं कोरल

डिलाईल रोड,
८ डिसेंबर

चि. अजित यास अनेक आशीर्वाद.

तू, प्रिती आणि छोटी आकांक्षा ठीक असाल. मी बरी आहे. तळपायाची जखम भरत आली, हळद लावते आहे. फोन केला की तू "आई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस, म्हणून हे पत्र.

आधी क्रूझचं. खिडकीची खोली घेतलीस, माझ्यासाठी वेगळा वरणभात सांगितलास, ते मी नाकारत नाही. चाळीत सगळ्यांना कौतुकाने सांगणारही होते. पण लक्षद्वीपच्या बेटावरचा व्हिडिओ 'आईचा पराक्रम' म्हणून तू आधीच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलास! खाली सगळी हसणारी पिवळी तोंडं. तो फिरत फिरत चाळीतही पोचला. शेजारच्या गंगुबाई दारातच म्हणाल्या, "काय गो बकुळा, समुद्रात जावन रडान इलंस?"

पाण्याला घाबरून रडेन मी? देवगडच्या खाडीत मी शाळेत जायच्या आधी पोहायला शिकले. स्नॉर्केलिंगच्या फॉर्मवर "पोहता येतं का" यापुढे तू मला न विचारता "नाही" लिहिलंस. म्हणून मला ते नारिंगी जॅकेट आणि वर दोरी, दाव्याला बांधलेल्या म्हशीसारखी. तरी काचेतून खाली पाहिलं आणि राग विसरले. केवढे रंग रे! हळदीकुंकवाच्या रंगाचे मासे माझ्या बोटांमधून जात होते.

पुढची चूक माझी, कबूल. दम लागला तशी मी कोरलवर उभी राहिले. आमच्याकडे ओहोटीला बायका खडकांवर उभ्या राहूनच कालवं काढतात. पायाला खडबडीत लागलं की तो खडक, एवढंच मला माहीत. गाईडने शिट्टी मारली. "आंटी, पैर उठाओ, ये जिंदा है!" मी झटक्यात पाय उचलला, तेव्हाच तळवा चिरला.

आणि तू काय केलंस? सगळ्यांसमोर त्याला म्हणालास, "सॉरी, शी डझन्ट अंडरस्टँड एनिथिंग."

अजित, पहिलीपासून दहावीपर्यंत तुझं इंग्रजीचं पाठांतर कोणी घेतलं? पुस्तक माझ्याच मांडीवर असायचं ना? मला सगळं समजलं. मी रडले ती तेव्हा. व्हिडिओ पुन्हा नीट बघ.

खरं तर हे पत्र त्यासाठीही नाही. दोनदा लिहून खोडलं, आता लिहितेच. आदल्या संध्याकाळी डेकवर मी खुर्चीत डोळे मिटून बसले होते, झोपले नव्हते. तू प्रितीला म्हणालास, "परत गेल्यावर आईला सांगू. जानेवारीत खोलीत भाडेकरू येतील, तिला ठाण्याला आणू. दोन दिवस रडेल, मग विसरेल." म्हणजे ती बोट, तो वरणभात, सगळं त्यासाठी? बळी द्यायच्या आधी बोकडाला हार घालतात, तसं मला फिरवलंस?

गाईड पायाला पट्टी बांधत होता, तेव्हा मी त्याला विचारलं, हे कोरल उचलून दुसरीकडे लावलं तर जगतं का? तो म्हणाला, "छोटा टुकड़ा कभी जी जाता है. पुराना नहीं, आंटी."

या खोलीत मला एकेचाळीस वर्षं झाली. तुझे बाबा इथून गिरणीत जायचे, शेवटचेही इथूनच गेले. गंगुबाईंच्या डोळ्यांत सकाळी थेंब मी घालते, मला ताप आला की पेज त्या आणतात. तुझ्या एकोणिसाव्या मजल्यावर मला कोण हाक मारणार? काल एक जोडपं खोली बघायला आलं होतं. बिचाऱ्यांचा काय दोष! चहा दिला आणि परत पाठवलं. खोली माझ्या नावावर आहे, मी ती सोडणार नाही.

जिवंत आहे म्हणून एका परक्या माणसाने सांगितलं, तर मी लगेच पाय उचलला. तुला तर आई सांगते आहे.

रविवारी तिघं या, कालवांचं कालवण करते. किल्ली मात्र मागू नकोस.

सगळं समजणारी,
तुझी आई