मुक्काम पोस्ट व्हिएतनाम

४ मे, रविवार
निर्णय झाला. परदेशात जाऊन इंग्रजी शिकवायचं. देश: व्हिएतनाम. तिथे इंग्रजीचे शिक्षक कमी पडतात असं एका व्हिडिओत होतं. जपानही चालला असता, पण सुरुवात लहानापासून करावी.

कारण लिहून ठेवतो. काल तातेराव सरांनी केबिनमध्ये बोलावलं. हे आमच्या कोचिंग क्लासचे मालक. मूळचे गणिताचे, त्यामुळे भाषेचा गंध नाही. म्हणाले, "हरिओम सर, यंदा दहावी दुसऱ्याला देऊन राह्यलो. पालक म्हणतेत, सर लई बोलतेत, पोरं तोंडच उघडत न्हाईत." शिक्षक बोलणार नाही तर काय बाक बोलणार? मला आठवी दिली. आठवी.

जालन्यात बियाणं आणि सळई यांनाच भाव आहे. ठीक आहे. नुकसान जालन्याचं.

वंदनाला सांगितलं. बायको बियाणं कंपनीच्या ऑफिसात कामाला आहे, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट उगवेल का हे आधी बघायची सवय. म्हणाली, "पासपोर्ट हे का?" निगेटिव्ह माणूस.

६ मे, मंगळवार
पासपोर्टचा अर्ज केला. नोकरीसाठी म्हणे एक ट्रेनिंग कोर्स लागतो. परदेशात इंग्रजी कसं शिकवावं याचा. मला! माशाच्या पिलाला पोहायचा क्लास. पण कागद मागतात तर कागद देऊ. मात्र स्वस्तातला. उगाच कुणाची घरं भरायची नाहीत.

१० मे, शनिवार
पुण्यातल्या एका संस्थेला फोन केला. महिनाभर तिथेच राहून कोर्स. फी ऐकून फोन दुसऱ्या कानाला लावला. तिथेही तीच. वर प्रवेशाआधी मुलाखत. एक मुलगी होती, आवाजावरून कालपरवा शाळा सोडलेली. तिने विचारलं, वर्गात मुलांना बोलतं कसं करता? मी अर्धा तास समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करा.
जागा भरल्या असणार. पुणेकर सरळ सांगत नाहीत.

१३ मे, मंगळवार
एक फॉरेनची वेबसाइट सापडली. मोठी सवलत, 'आज शेवटचा दिवस'. घड्याळ उलटं पळत होतं. घाईत निर्णय घेणाऱ्यांपैकी मी नाही. थांबलो.

१६ मे, शुक्रवार
त्या वेबसाइटवर आज पुन्हा शेवटचा दिवस आहे. काल पण होता. यांचे शेवटचे दिवस संपेनात. अजून थांबलो तर हे मला उलटे पैसे देतील.

१८ मे, रविवार
जालन्यातच एक 'इंटरनॅशनल' इन्स्टिट्यूट निघाली. मोबाइलच्या दुकानावर, जिन्याने वर. वंदना सोबत आली, नको म्हणत असताना. टाय घातलेल्या गृहस्थांनी सांगितलं, कोर्स पेनड्राइव्हमध्ये मिळेल, सर्टिफिकेट आठवड्यात, लॅमिनेशन फ्री. मला पटत आलं होतं. तेवढ्यात वंदनाने विचारलं, "इथून शिकून कोन कुठं गेलं, एखांद्याचं नाव सांगा बरं." गृहस्थ म्हणाले, चहा घेता का?
चहा बरा होता. बाकी सगळा बोगस कारभार. मी जिना चढतानाच ओळखलं होतं.

२२ मे, गुरुवार
वंदनाने एक ऑनलाइन कोर्स शोधून आणला. बेताच्या फीचा. ट्यूटर असतो, खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवल्याचे व्हिडिओ पाठवायचे, ते बघून सूचना देतात. तिने त्यांच्याकडून शिकलेल्या दोघांशी बोलूनही घेतलं. मी नाही म्हटलं. असे निर्णय अभ्यासाने घ्यायचे असतात, विचारपूस करून नव्हे.

२९ मे, गुरुवार
सखोल अभ्यासाअंती एक उत्तम कोर्स मी निवडला. ऑनलाइन, बेताची फी, ट्यूटर, व्हिडिओ. वंदनाला दाखवला. ती म्हणाली, "हाच तर म्या दाखवला व्हता." हिच्या अंगात श्रेय घ्यायची फार हौस.

८ जून, रविवार
कोर्स सुरू. ट्यूटरचं नाव मारिसेल, राहणार फिलिपाइन्स. मी इंग्लंडचा माणूस मागितला होता. कळवलं की आमच्याकडे मारिसेलच आहेत. पहिल्याच चाचणीत तिने लिहिलं: तुम्हाला व्याकरण चांगलं येतं. हे तिने ओळखलं, एवढं कौतुक करायला हरकत नाही.

१५ जून, रविवार
शिकवण्यासाठी इंग्रजी न येणारी माणसं हवीत. जालन्यात तुटवडा नाही. वंदनाने कंपनीच्या पॅकिंग सेक्शनमधल्या बायका आणल्या. आमच्याच हॉलमध्ये बसवल्या. व्हिडिओसाठी वंदनाचा मोबाइल शिलाई मशीनवर उभा केला.

वर्गात मराठी शब्दही काढायचा नाही असा नियम. मी इंग्रजीतून भाषेचं महत्त्व सांगितलं. दैवशाला नावाची एक बाई मध्येच म्हणाली, "सर, कंपनीत भायेरचे पाव्हणे येतेत. काई इचारतेत. आमी नुस्तं हासून राह्यतो. तेवढं काय म्हनावं ते सांगा."
मी सांगितलं, आधी शब्दांच्या जाती. पाया नको का?
दोघीजणी बसल्या जागी पेंगत होत्या. कामाचा थकवा.

१९ जून, गुरुवार
मारिसेलची सूचना आली: सगळा तास तुम्हीच बोललात, विद्यार्थिनी कधी बोलणार? जगभर हीच अंधश्रद्धा पसरली आहे. तातेराव सर आणि फिलिपाइन्स यांचं संगनमत असावं अशी शंका येते.

२२ जून, रविवार
दुसरा तास. ऐन काळाच्या प्रकारांत तातेराव सरांचा फोन आला. गॅलरीत गेलो. आठवीचं वेळापत्रक, वाद झाला, वेळ गेला. आत आलो तर वंदनाने पिशव्यांतून कापूस, मका, तूर यांचं बी काढून बायकांपुढे ठेवलेलं. दैवशाला पाहुणी झालेली, बाकीच्या तिला सांगत होत्या, धिस इज कॉटन, धिस इज मेझ, प्लीज कम. हसण्याचा गोंधळ. मी लगेच शिस्त लावली.

२६ जून, गुरुवार
मारिसेलने कळवलं की या वेळी मधला भाग फार सुंदर झाला. मधला म्हणजे मी गॅलरीत होतो तो. यावरून तिची पातळी कळते.
वंदनाने ते वाचलं. तोंडाला पदर लावून आत गेली.

६ जुलै, रविवार
राजीनामा दिला. निकाल लागायचा आहे, पण निकालाची वाट बघतात ती सामान्य माणसं. वंदना म्हणाली, "नौकरी हातात येऊ द्या, मंग सोडा." मी म्हटलं, जहाज सुटायच्या आधी दोर सोडावा लागतो. ती म्हणाली, "जहाज कुठंय?"

१३ जुलै, रविवार
पास झालो. शेऱ्यात लिहिलंय, लहान मुलांच्या वर्गात आणखी सराव हवा. शेरा प्रिंट केला नाही. सर्टिफिकेट केलं.

१९ जुलै, शनिवार
क्लासमध्ये निरोप समारंभ. शाल, नारळ, चाकाची बॅग. सगळ्यांनी वर्गणी काढली म्हणे. मी भाषण केलं. बोलता बोलता वेळेचं भान राहिलं नाही. मराठीच्या बेबीनंदा मॅडम डोळे पुसत होत्या. आजवर या बाईला मी फार हलकं लेखलं. नंतर कळलं, त्यांची अंबडची शेवटची बस चुकली.
तातेराव सरांनी विचारलं, विमान कधीचं? सगळे बघत होते. तोंडातून अठ्ठावीस तारीख निघून गेली.

२४ जुलै, गुरुवार, दुपार
व्हिएतनामच्या एका शाळेची ऑनलाइन मुलाखत. प्रिन्सिपल बाई. आधी त्यांचे दोन उच्चार दुरुस्त केले. चांगली सुरुवात. मग त्यांनी स्क्रीनवर चिल्लीपिल्ली बसवली आणि म्हणाल्या, यांना 'कॅट' शिकवा. कॅट शिकवायला माणूस एवढ्या लांबून आणतात? तरी मी 'अ कॅट' आणि 'द कॅट' यांतला फरक मुळापासून घेतला. पुढच्या बाकावरचं एक पोर आडवं झालं. दुसऱ्याने रडायला सुरुवात केली. तिकडची मुलं कोवळी आहेत.

२६ जुलै, शनिवार
मेल आला. 'या वेळी' आम्ही आपली निवड करू शकत नाही. 'या वेळी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. म्हणजे पुढच्या वेळी नक्की. बाकी जिथे जिथे अर्ज केले तिथून काहीच नाही. पोस्टाचा जमाना बरा होता, निदान पत्र हरवलं असं म्हणता यायचं.

२७ जुलै, रविवार
वंदना म्हणाली, सरळ जाऊन सांगा, न्हाई जमलं. त्यात काय लाज. मी म्हटलं, शाल घेतली आहे. ती म्हणाली, शालीला काय कळतंय.
शेवटी राजूरला मावशीकडे जायचं ठरलं. थोडेच दिवस. दुसरीकडची ऑफर येईपर्यंत.

२८ जुलै, सोमवार
ठरल्याप्रमाणे प्रस्थान. चाकाची बॅग घेऊन राजूरवरून जाणाऱ्या भोकरदनच्या बसमध्ये बसलो. तोंडाला रुमाल. शेजारी बसलेल्या आजीने विचारलं, "दाढ दुखून राह्यली का रं बाबा?" मान हलवली. तिने लवंग दिली.

३ ऑगस्ट, रविवार
राजूर. गिरिजाबाई मावशीचं गणपतीच्या मंदिराच्या रस्त्याला नारळ, हार, पेढ्यांचं दुकान. फोनवर व्हिएतनामच्या नदीचा फोटो स्टेटसला ठेवला. तातेराव सरांनी अंगठा पाठवला. बेबीनंदा मॅडमनी विचारलं, जेवणाची आबाळ तर होत नाही ना?
होते आहे. मावशी रोज शेपूची भाजी करते. पण ते लिहिता आलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार
मावशी म्हणाली, "मंगळवारी अंगारकी हे. लई गर्दी ऱ्हाती. मला एकटीला व्हनार न्हाई. गल्ल्यावर बस." मी माझी पात्रता सांगितली. ती म्हणाली, "बिलकुल चालतंय. नारळ सोलता येतो का?"

१२ ऑगस्ट, मंगळवार, संध्याकाळ
लिहू नये असं वाटतं. पण लिहितो.

सकाळपासून रांग. ओरडून ओरडून घसा गेला. कपाळाला गुलाल, डोक्याला उपरणं. ऊन उतरायच्या सुमारास समोर ओळखीचा आवाज आला, "नारळ कसा दिला?"
तातेराव सर. मागे बेबीनंदा मॅडम, त्यांच्या मागे अख्खा स्टाफ. दरवर्षी अंगारकीला येतात, मला कुणी कधी बोलावलं नव्हतं. म्हणजे बोलावलं होतं, मीच असल्या गर्दीत जात नसे.

मी हारांच्या टोपलीमागे वाकलो. मावशी तिकडून ओरडली, "अरं हरिओम, गिऱ्हाइक हे की. खाली काय हुडकून राह्यला?"
उठलो. कुणीच चकित झालं नाही. हे फार विचित्र होतं. तातेराव सरांनी नारळ कानाशी नेऊन हलवून बघितला. मग म्हणाले, "व्हिएतनामला पाऊस हे का, सर?"
मी म्हटलं, "आहे थोडा."
ते म्हणाले, "इकडं बी बराय."

बेबीनंदा मॅडमनी पेढे घेतले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वंदनाताई आल्त्या मागच्या आठवड्यात." मग पदराने गुलाल झटकत बसल्या, जो त्यांच्या अंगावर नव्हताच. तातेराव सर म्हणाले, आठवी भरली आता, तिथं मानूस आला. पाचवीची बॅच नवीन काढली हे, लहान पोरं. सोमवारी येता का? पगार कमी पडंल.
मी म्हणालो, विचार करून कळवतो.
ते म्हणाले, "बराबर. पंधरा नारळ द्या मंग. दर्शन करून येतो."
पैसे पुरते मोजून दिले. घासाघीस केली नाही, तेच मनाला लागलं.

१३ ऑगस्ट, बुधवार
वंदनाला फोन. ठरवलं होतं की चांगलं सुनावायचं. तिने आधी विचारलं, "जेवले का?" मी म्हटलं, शेपू. ती म्हणाली, "या मंग घरी." सुनावायचं राहून गेलं.

१८ ऑगस्ट, सोमवार
पाचवीची बॅच. बाकं इतकी बुटकी की उभं राहिलं तरी आपण कुणावर तरी ओणवे आहोत असं वाटतं. तात्पुरती व्यवस्था. जपानचा अभ्यास चालू ठेवायचा आहे.

बातमी आधीच पोचलेली. पहिल्या बाकावरची यशश्री उभी राहिली. "सर, तुम्ही फॉरेनला गेल्ते ना? विमानात कसं वाटतं?"
मी विमानात कधी बसलेलो नाही. म्हटलं, पहिला धडा काढा.
सगळ्यांनी काढला. ती उभीच. म्हणाली, "मी बसलेय. मामाकडं गेल्ते तवा." मागून कुणीतरी विचारलं, खिडकी उघडती का? दुसऱ्याने विचारलं, ढग हाताला लागतेत का? ती सांगत गेली. विमान वर जाताना कान बंद होतात, खाली शेतं चादरीच्या ठिगळांसारखी दिसतात, आणि तिची आजी पूर्ण वेळ डोळे मिटून बसली होती. पोरं बाकांवर गुडघे टेकवून ऐकत होती. मीही खुर्ची ओढून बसलो.
मी तिला विचारलं, कान परत कधी उघडतात? ती म्हणाली, "थुंकी गिळायची, सर. मंग उघडतेत."
घंटा झाली. धडा उघडा तसाच राहिला.

उद्यापासून वर्गात असल्या गप्पा बंद.